अजिंक्यतारा उतरताना बोटं का दुखतात

आज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या उतारावर बूट काढून बोटं चोळत बसलेले बरेच जण दिसले. चढताना हा त्रास होत नाही. उतरताना पाय पुढे सरकतो, नख बुटाच्या टोकावर आपटत राहतं आणि शेवटी काळं पडतं. म्हणून बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. नेहमीचे मोजे घालून, दोन्ही पायांत, उभं राहून बघा. सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असं नाही) साधारण 1 सेंटिमीटर जागा हवी; टाच मात्र उचलली जाता कामा नये. बूट हाताने वाकवा: चवड्यापाशी वाकला तर चांगला, मधोमध दुमडला तर नकोच. ‘वापरून सैल होईल’ यावर अजिबात विसंबू नका. आणि उतरायच्या आधी बुटाची घोट्याजवळची नाडी पुन्हा आवळा.