आमची वाटचाल : ज्याच्या घरात मृत्यू झाला तो सहकारी कामावर परततो तेव्हा

भोसरी एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर) काढणारा आमचा कारखाना. एवढ्या लहान जागेत एचआर विभाग नसतो. मालक, सुपरवायझर आणि हिशेब बघणारी बाई, एवढ्यांनाच सगळं निभावावं लागतं. कामगाराच्या घरात कोणी वारलं तर काय करायचं, याची पद्धत आमच्याकडे एकेक करून बसत गेली. ती इथे मांडतो, कारण लहान कारखान्यांसाठी असं काही लिहिलेलं फारसं सापडत नाही.

निरोप आला की त्या घराशी बोलायचं ते एकाच माणसाने, शक्यतो सुपरवायझरने. तो चारच गोष्टी विचारतो: अंत्यविधी कुठे, किती वाजता, पैशांची सोय झाली का, आणि इथे कोणाकोणाला सांगू. मग तोच सगळ्यांना सांगतो. नाहीतर माणूस परतल्यावर प्रत्येक जण नव्याने ‘कसं झालं?’ विचारतो आणि त्याला एकाच दिवसात दहादा तेच सांगावं लागतं.

पैसे त्याच दिवशी, हातात. मयताचं सामान, गाडी, गावचा प्रवास यांना रोख लागते. बिहार-उत्तर प्रदेशच्या मुलांचं आणखी अवघड. रेल्वेला दिवसाहून जास्त लागतो, आणि स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी 11 वाजता उघडतं, म्हणजे आज निघणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. अशा वेळी विमानाचं तिकीट आम्ही काढून देतो. उचल त्याच महिन्याच्या पगारातून कापायची नाही. दिवसकार्याचा खर्च त्याच महिन्यात असतो.

घरातल्या मृत्यूसाठी वेगळी रजा द्या, असं कारखान्यांचा कायदा म्हणत नाही. 20 दिवस कामामागे 1 पगारी रजा, एवढीच हक्काची. आम्ही तिला हात न लावता 5 दिवस पगारी देतो आणि ते तोडून घेता येतात. हे तोडून घेणंच महत्त्वाचं आहे. हिंदू घरात दहावा, तेरावा असतो. बौद्ध घरात जलदान विधी आणि पुण्यानुमोदन. मुसलमान घरात तीजा आणि चाळिसावा. वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती घरात सातव्या दिवसाची मिस्सा. सलग रजा दिली तर नेमक्या त्या दिवशी माणूस प्रेसवर उभा असतो. सासू-सासरे या नियमात आई-वडिलांसारखेच धरतो. हजेरी भत्ता (महिनाभर खाडा न केल्याबद्दलचा) कापत नाही. रजा पगारी ठेवून भत्ता कापला तर त्या रजेचा निम्मा अर्थ जातो, आणि पगारपत्रक सॉफ्टवेअरवर असेल तर तो आपोआप कापला जातो. हिशेबवालीने तो हाताने परत भरावा लागतो.

सर्वात जास्त लक्ष परतण्याच्या आठवड्यावर द्यावं. झोप झालेली नसते, मधेच मन हरवतं. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं असली तरी डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बसवताना आणि अडकलेला तुकडा काढताना हात आतच असतो. म्हणून पहिला आठवडा प्रेस, ग्राइंडर, फोर्कलिफ्ट आणि रात्रपाळी बंद. पॅकिंग, कानशीने बर (पत्र्याच्या कडेची धारदार कुसळं) काढणं, गेजने तपासणी ही कामं द्यावीत, तपासणीत मात्र दुसऱ्या माणसाची नजर हवी. दर आणि इन्सेंटिव्ह पूर्वीचेच. हलकं काम म्हणून त्याला एकट्याला स्टोअरमध्ये बसवणं ही नेहमी होणारी चूक. माणसं भोवती असली की त्याला बरं वाटतं, रिकाम्या खोलीत तेच विचार फिरत राहतात. काहींना ओव्हरटाइम हवा असतो, पैशांसाठी किंवा घर खायला उठतं म्हणून. तो द्यावा, फक्त प्रेसवर नको.

बोलताना साधं बोलावं. ‘वहिनींचं कळलं, फार वाईट झालं’ आणि सोबत चहा, एवढं पुरतं. ‘सुटल्या एकदाच्या’, ‘देवाची मर्जी’, ‘आता मुलांकडे बघ’ ही वाक्यं टाळावीत. ऐकणाऱ्याला त्यातून ‘आता आवर’ एवढंच ऐकू येतं. आत्महत्या असेल तर कारण कोणीही विचारायचं नाही, हे आम्ही आधीच सगळ्यांना स्पष्ट सांगतो.

तेराव्यापर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. खरी ओढ त्यानंतर लागते. म्हणून सुपरवायझरच्या कॅलेंडरवर महिना, पहिली दिवाळी, पितृपक्षातली तिथी आणि वर्षश्राद्ध लिहून ठेवतो. त्या दिवशी मागायच्या आधीच अर्धी सुट्टी विचारायची. झोप, भूक महिनोन्‌महिने सुधारत नसेल तर ईएसआयच्या (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) डॉक्टरकडे न्यावं. आजारपणाचा दाखला मिळाला आणि विम्याची वर्गणी भरल्याचे दिवस पुरे असतील, तर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आम्ही हजेरीच्या मशीनशेजारी लावला आहे.

गर्भपात झालेल्या सहकारी बाईलाही दुःखाची रजा लागते, आणि इथे कायदा आहे: मातृत्व लाभाच्या तरतुदीने 6 आठवडे पगारी. त्या बोलत नाहीत, म्हणून ही माहिती बाईनेच बाईला सांगावी.

कागद. पत्नी गेली असेल तर पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बँकेत वारस म्हणून बहुधा तिचंच नाव असतं. ते बदलायला महिनाभराने, एका दुपारी, सोबत बसून मदत करावी. पहिल्या आठवड्यात फॉर्म पुढे करू नये. सहकारीच गेला असेल तर मात्र घाई लागते. मृत्यूची नोंद 21 दिवसांत झाली पाहिजे, आणि दाखल्यावरचं नाव आधारशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. एका वेलांटीसाठी दावा अडकतो. पीएफसोबत ईडीएलआय या पीएफला जोडलेल्या आयुर्विम्याचे 7 लाखांपर्यंत आणि कुटुंबाला पेन्शन मिळू शकतं. ग्रॅच्युइटीला मृत्यूच्या बाबतीत 5 वर्षांची अट नाही. ही शेवटची गोष्ट बऱ्याच मालकांनाही ठाऊक नसते. पीएफ कार्यालयात गेलेल्या सहकाऱ्याच्या पत्नीसोबत आमचा माणूस जातो, त्या दिवशीची त्याची हजेरी भरलेली धरतो. लग्न झालं की पीएफचं जुनं वारसपत्र रद्द ठरतं, म्हणून दर दिवाळीला बोनसच्या सहीबरोबर प्रत्येकाचं वारसपत्र उघडून बघतो.