दहाव्या सामन्याआधी

पोराचे नऊ सामने झाले होते. दहावा दुसऱ्या दिवशी होता आणि त्यात त्याला उतरवायचं की नाही, हे त्या दुपारी ठरणार होतं.

एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या सर्वोच्च लीगमध्ये, अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूसाठी दहा हा आकडा कळीचा असतो. त्याचा पहिला करार तीन वर्षांचा. नऊ सामने खेळवून पोराला ज्युनियर लीगमध्ये परत पाठवलं, तर करार तसाच्या तसा एक वर्ष पुढे सरकतो. दहावा खेळला की पहिलं वर्ष खर्ची पडलं. म्हणून ऑक्टोबर संपत आला की कुठल्या ना कुठल्या संघाच्या ऑफिसात ठेवायचं की पाठवायचं, यावर खल सुरू असतो. मी कॅनडातल्या अशाच एका संघाच्या व्हिडिओ विभागात आहे. संघाचं नाव सांगणार नाही, पोराचंही नाही.

कोल्हापुरात कुणाला सांगितलं की मी हॉकीत काम करते, तर त्यांच्या डोळ्यांसमोर हिरवं टर्फ येतं. ही बर्फावरची हॉकी. दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद रिंक, भोवती कठडा, आणि चेंडूऐवजी पक नावाची कडक रबरी चकती. एका वेळी गोलरक्षक आणि पाच जण बर्फावर, त्यातले दोन बचावपटू. पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं आणि बाकावर परत यायचं, की दुसरे उतरतात.

आमचा पोरगा एकोणीस वर्षांचा, डावखुरा, डाव्या बाजूचा बचावपटू. स्केटिंग असं, की सराव बघायला आलेले लोक फोन खाली ठेवतात. नऊ सामन्यांत एक गोल, तीन असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला पास. प्रेक्षकांच्या लेखी प्रश्न मिटलेला होता.

माझ्या लेखी गोल-असिस्ट ही बचावपटूची सगळ्यात कमी बोलकी बाजू. मी बघते ते दुसरंच. समोरचा संघ मध्यरेषा ओलांडून पक आमच्या कोपऱ्यात भिरकावतो आणि त्याचे दोन गडी त्यामागे सुसाट सुटतात. आमच्या बचावपटूला वळून, पाठमोरं धावत जाऊन तो पक उचलायचा असतो आणि अंगावर कुणी आदळण्याआधी आपल्या माणसाला द्यायचा असतो. २००५ पासून हे काम फारच अवघड झालंय. त्या वर्षी अडवणुकीच्या नियमांची कडक अंमलबजावणी सुरू झाली, त्यामुळे धावून येणाऱ्याला वाटेत रोखून जोडीदाराला क्षणभर उसंत मिळवून देण्याची जुनी सोय गेली. त्याच वर्षी गोलच्या मागे एक चौकोनी पट्टा आखला गेला. गोलरेषेमागे त्या पट्ट्याबाहेर गोलरक्षकाला पक खेळता येत नाही. म्हणजे कोपऱ्यात बचावपटू एकटाच.

त्या सकाळी मी नऊही सामन्यांतले त्याचे असे सगळे प्रसंग कापून एकापुढे एक लावले. पक उचलण्याआधी चांगला बचावपटू दोनदा, कधी तीनदा खांद्यावरून मागे बघतो. कोण येतोय, कुठल्या बाजूने, आपला माणूस कुठे मोकळा आहे. हा एकदाच बघायचा, तेही लांबून. तिथून पकपर्यंत पोहोचेतो मागचं चित्र बदललेलं असायचं. आणि पक घेतला की तो कायम कठड्याच्या अंगाने वळायचा. गोलच्या मागून पलीकडे निसटायची वाट समोर मोकळी असली तरी नाही. कायम एकच बाजू.

ज्युनियरमध्ये हे खपलं, कारण तिथे मागे लागणारी पोरं सोळा ते वीस वर्षांची. हा दोन ढांगांत त्यांच्या हातून सुटायचा. इथे मागे लागतो तो तीस वर्षांचा, शंभर किलोचा बाप्या, आणि तोही तितकाच वेगवान.

पण मला चमकवलं ते वेगळ्याच गोष्टीने. पहिल्या चार-पाच सामन्यांत समोरचे संघ दोन्ही कोपऱ्यांत सारखाच पक टाकत होते. मग हळूहळू तो पक एका बाजूला सरकायला लागला. नवव्या सामन्यात तर हा बर्फावर असताना जवळजवळ प्रत्येक पक डाव्या कोपऱ्यात, आणि पहिला धावून येणारा गडी पककडे न जाता थेट कठड्याची वाट बंद करायला उभा! एखाद्या फलंदाजाला आखूड चेंडू झेपत नाही हे एका गोलंदाजाला कळलं की आठवड्याभरात सगळ्यांना कळतं, तसं हे. लीगमधल्या प्रत्येक संघात माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं. आम्ही पोराबद्दल मत बनवत बसलो होतो, तोवर त्यांचं बनवून झालं होतं.

सराव आटोपून तो स्वतःच माझ्या खोलीत आला. अंगावर अजून घाम होता. सहसा ही पोरं आपल्या गोलच्या क्लिपा मागतात, घरी पाठवायला. याने मागितला समोरच्या संघाचा फोरचेक, म्हणजे आमच्या कोपऱ्यात पकमागे धावून येणं, वरच्या कॅमेऱ्यातून टिपलेला.

“ते माझ्याच कोपऱ्यात टाकताहेत ना?”

“कधी लक्षात आलं?”

“सातव्या सामन्यात.”

“मग दुसऱ्या बाजूने का वळला नाहीस?”

तो थोडा वेळ स्क्रीनकडेच बघत राहिला. “तसं ठरवून गेलो की पकवरचं लक्ष उडतं. एका वेळी एकच जमतं.”

इतकं नेमकं बोलणारा एकोणीस वर्षांचा खेळाडू मी फारसा बघितलेला नाही. तो गेल्यावर मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

दुपारच्या बैठकीत जनरल मॅनेजर, मुख्य प्रशिक्षक, बचावपटूंचा सहायक प्रशिक्षक, खेळाडूंच्या घडणीचं काम बघणारे एक गृहस्थ आणि मी. अशा बैठकीत पहिली दहा मिनिटं नावांची फेकाफेक होते. एकाने बचावपटू आरॉन एकब्लाड काढला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिला, अठराव्या वर्षी थेट एनएचएलमध्ये आणि त्याच मोसमात सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक. त्यावर दुसऱ्याने डंकन कीथ काढला. २००२ मध्ये निवड, मग खालच्या लीगमध्ये दोन मोसम, २००५ मध्ये पदार्पण, पुढे सर्वोत्तम बचावपटूचे दोन नॉरिस करंडक आणि लीगच्या विजेतेपदाचे तीन स्टॅन्ली कप. मग केल मकार निघालाच. निवडीनंतर दोन वर्षं विद्यापीठात खेळला आणि २०१९ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, थेट उतरला. दोन्ही बाजूंना पुरतील इतकी नावं या खेळात आहेत, म्हणून मला त्यांचा उपयोग वाटत नाही.

सहायक प्रशिक्षकाचा मुद्दा मात्र सहज उडवून लावण्यासारखा नव्हता. तो म्हणाला, “ज्युनियरमध्ये ही खोड उघडीच पडणार नाही. जिथे पायांवर निभावतं, तिथे मान कोण वळवेल? इथेच चटके बसू देत.” मधली वाट एएचएलची, एनएचएलच्या बरोब्बर खालची, पुरुषांची लीग. पण कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला तेव्हाच्या नियमाने मोसम चालू असताना तिथे पाठवता येत नव्हतं. एक तर इथे, नाहीतर पोरासोरांत. हा नियम ज्युनियर संघांच्या गल्ल्यासाठी होता, पोरांसाठी नव्हता, असं माझं स्पष्ट मत.

मला विचारलं तेव्हा मी आधी क्लिपा दाखवल्या, मग वेळापत्रक. पुढचे चारही सामने परक्या मैदानावर होते. घरच्या मैदानावर खेळ थांबला की शेवटचा बदल आपल्या हातात असतो, त्यामुळे त्यांचे दांडगे गडी उतरले की पोराला बाकावर ठेवता येतं. आम्ही नऊ सामने बहुतांशी तेच केलं होतं. परक्या मैदानावर हा हक्क समोरच्या प्रशिक्षकाचा, आणि तो याच्याच समोर आपली सगळ्यात दांडगी फळी सोडणार. मग आमचे प्रशिक्षक त्याला कमी-कमी उतरवणार आणि चौथ्या सामन्यापर्यंत तो कोट घालून वर गॅलरीत बसलेला दिसणार. बसून कुणाची मान वळत नाही.

मग मी त्याचं वाक्य वाचून दाखवलं. गंमत म्हणजे सहायक प्रशिक्षक लगेच म्हणाला, “बघा! ज्याला इतकं कळतं त्याला कशाला पाठवायचं?” आणि जनरल मॅनेजर त्याच वेळी म्हणाला, “एका वेळी एकच जमतं म्हणतोय ना? मग झालं तर.” माझा कौल जनरल मॅनेजरकडे होता. कोपऱ्यात पोहोचेपर्यंत जे सगळं ठरवावं लागतं, ते ठरवायला तिथे वेळच नसतो. ते अंगवळणी पडलेलं असेल तरच होतं.

पाठवायचं ठरलं. त्याला सांगायला जनरल मॅनेजर एकटाच गेला.

त्याच्या ज्युनियर प्रशिक्षकाला आम्ही विनंती केली, की याला अधूनमधून उजव्या बाजूला खेळवा. डावखुऱ्याला तिथे कठड्याकडे वळणं सोयीचं नसतं, आपोआप दुसरी बाजू शोधावी लागते. ते म्हणाले, सरावात हवं तेवढं करतो, पण सामने मलाही जिंकायचेत. रास्तच होतं. मग दर आठवड्याला त्याच्या क्लिपा माझ्याकडे यायला लागल्या आणि मी खुणा करून परत पाठवायला लागले. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा मागे बघणं दिसायला लागलं. गोलच्या मागून निसटणं जानेवारीत, तेही पहिल्या दोन सत्रांतच. तिसऱ्या सत्रात दमला की पुन्हा कठडा.

सहायक प्रशिक्षक अजूनही म्हणतो, इथे असता तर हे नाताळच्या आधीच झालं असतं. मला ते पटत नाही. नव्या क्लिपा मात्र मी सगळ्यात आधी त्यालाच पाठवते, कारण त्या खरोखर बारकाईने बघणारा आमच्या ऑफिसात तो एकटाच आहे.