बटणाची फुलवात

तिसरीतल्या लेकीला शाळेत सध्या ‘पायोनियर’ लोकांचा, म्हणजे अमेरिकेत नव्या जमिनीवर वस्ती करायला निघालेल्यांचा, धडा चालू आहे. त्यासाठी लॉरा इंगल्स वाइल्डरची ‘द लाँग विंटर’ ही कादंबरी लावली आहे. रात्री मी वाचते, आणि सहा महिन्यांसाठी मिनिआपोलिसला आलेल्या माझ्या आईसाठी मधूनमधून मराठीत सांगते. पायोनियरला मराठी शब्द काय, असं लेकीने विचारलं. मी ‘आद्यप्रवर्तक’ म्हटलं आणि जीभ चावली. आई म्हणाली, “विंचवाचं बिऱ्हाड गं. पाठीवर घेऊन निघालेले.”

गोष्ट 1880-81 च्या हिवाळ्याची, डकोटातल्या डी स्मेट गावची. ऑक्टोबरातच पहिलं हिमवादळ येतं. पुढे रेल्वे बर्फात अडकते ती मे महिन्यापर्यंत. कोळसा संपतो, मग वाळलेल्या गवताला पीळ देऊन त्याच्या कांड्या जाळायच्या. एक कांडी जळेपर्यंत दुसरी तयार हवी, म्हणजे दिवसभर हाताला तेच काम. रॉकेलही संपतं. तेव्हा लॉराची आई कापडाच्या तुकड्यात मधोमध बटण ठेवते, कापड वर ओढून दोऱ्याने बांधते, वरच्या टोकाला पीळ देते आणि ते बशीतल्या वंगणात उभं करून पेटवते.

मोज्यांच्या जोड्या लावणारी आई थांबली. “ही तर फुलवात!”

दुसऱ्या दिवशी प्रयोग झाला. वंगणाऐवजी साजूक तूप. फुलवात झकास उभी राहिली, ज्योतही स्थिर. फक्त बटण प्लॅस्टिकचं आहे हे तिघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. घाणेरडा वास सुटला, छतावरचा भोंगा बोंबलायला लागला. मी फुंकर मारणार तोच आई ओरडली, “दिवा फुंकू नये!”

गव्हाचं प्रकरण त्या मानाने निभावलं. पीठ संपल्यावर लॉराच्या घरी गहू कॉफीच्या चक्कीत दळतात, पाळीपाळीने, सबंध दिवस, सहा माणसांच्या एका पावापुरते. आईला हे पटेचना. “जातं नव्हतं का यांच्याकडे?” नव्हतं. सामान गाडीत भरून हजार मैल फिरणारी माणसं दगड कुठे नेणार! जुन्या सामानाच्या दुकानात मला दांड्याची कॉफीची चक्की मिळाली. लेकीने मोजून दोनशे फेरे मारले आणि वाटीत बघितलं. जेमतेम मूठभर भरडा. “एवढंच?” हे तिने ज्या सुरात म्हटलं, त्या सुरात तो हिवाळा तिला जेवढा कळला तेवढा माझ्या वाचनातून कळला नव्हता. भरड्याची आईने गूळ घालून लापशी केली.

अडलं ते भलतीकडेच. कादंबरीत एक म्हातारा दुकानात येतो, गावकऱ्यांना सांगतो की यंदाचा हिवाळा भयंकर असणार आहे, आणि निघून जातो. लॉराचे बाबा त्याचं ऐकून माळावरचं खोपटं सोडतात, बायकोमुलांना घेऊन गावात येतात. सगळे जगले ते बऱ्याच अंशी त्या सांगण्यामुळे.

“रेड इंडियन होता का?” आईने विचारलं.

“आजी, नेटिव्ह अमेरिकन म्हणायचं.” मग माझ्याकडे वळून, “तो कुठे गेला? हिवाळाभर काय जेवला?”

मी पुढची पानं चाळली. म्हातारा परत येत नाही. याच लेखिकेच्या 1935 च्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’त तर, तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन राहत होते, अशा अर्थाचं वाक्य होतं. 1953 मध्ये ‘माणसं’ काढून ‘वसाहतवाले’ केलं. तोवर ते कुणाला फारसं खटकलं नव्हतं, याचंच मला जास्त नवल वाटतं.

मग मला जमेल तसं सांगितलं. 1862 च्या मे महिन्यात कायदा झाला. पाच वर्षं राहून जमीन कसा, 160 एकर तुमचे. त्याच वर्षी इथे मिनेसोटात डकोटा जमातीच्या मूळ रहिवाशांना कराराचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत, उपासमार झाली, लढाई पेटली. डिसेंबरात मॅन्केटोला 38 जणांना एकाच वेळी फाशी दिलं. मॅन्केटो आमच्या घरापासून दीड तासावर आहे, आम्ही त्या रस्त्याने सहलीला गेलो आहोत. पुढच्या वर्षी डकोटांना राज्यातून हाकलायचा कायदा झाला. फाशीचं सांगताना मी आवाज बारीक केला होता. आठ वर्षांच्या मुलीला हे सांगायचं की नाही, हे माझं अजून ठरत नाही. पण विचारल्यावर गप्प कसं बसायचं?

ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली.

शुक्रवारी दप्तरात शाळेचा कागद सापडला. ‘तुझं आवडतं पात्र’, आणि खाली रकाने. सगळा वर्ग लॉरा लिहिणार हे ठरलेलं. हिने लिहिलं होतं: दुकानात आलेले आजोबा. नाव: पुस्तकात नाही. वय: खूप. घर: पुस्तकात नाही. आवडता खाऊ या रकान्यात आधी काहीतरी लिहून खोडलं होतं, आणि वर बारीक अक्षरात लापशी.