पणजीची बुट्टी

आज गावी माळ्यावरची अडगळ काढताना पणजीची बुट्टी, म्हणजे टोपली, सापडली. तळ फाटलाय, कडेला शेणाचं लिंपण अजून चिकटलेलं. आई म्हणाली, "टाकू नगंस, हिच्यातनंच भाकरी जायच्या."

नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना झुगारून गावोगाव चालवलेलं लोकांचं सरकार, जोरात होतं तेव्हाची गोष्ट. कुंडलकडचा आमचा भाग त्या वेळी सातारा जिल्ह्यात होता. 7 जून 1943 ला प्रतिसरकारच्या लढाऊ दलानं, तूफान सेनेनं, शेणोलीला पगाराची रेल्वेगाडी लुटली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण रानात लपलेल्या पोरांना जेवायला कोण घालत होतं?

पणजी खाली भाकरी-खरडा, वर गोवऱ्या रचून उसाच्या फडात जायची. कोण खातंय ते विचारायचं नाही. एकदा पोलिसानं बुट्टीवर काठी मारली, तर हीच खेकसली, "गोवऱ्या मोडल्यास, आता चूल तू पेटवणार व्हय रं?" (आमच्या घरी ही गोष्ट दरवेळी थोडी वाढते, पण हे वाक्य कधी बदललं नाही.)

स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत तिचं नाव नाही. पणजोबांचंही नाही, पण ते भित्रेच होते.

बुट्टी धुवायला घेतली, तर आईनं हातातनं काढून घेतली. लिंपण जाईल म्हणाली.