बांगड्याच्या पोटातला लाल

स्केटबोर्डच्या पोटावरचं चित्र घासून जाण्यासाठीच असतं. जपायचंच असेल तर बोर्ड भिंतीला टांगावा. माझ्या भाचीला तो चालवायचा होता. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली मोमिजी निशिया या १३ वर्षांच्या मुलीने सुवर्णपदक मिळवलेलं तिने पाहिलं, तेव्हापासून हे वेड. आता सुट्टीच्या दिवशी वर्सोव्याहून कार्टर रोडच्या स्केटपार्कला पळते.

"मामा, बोर्डवर बांगडा काढून दे. अख्खा. तुकडी नको."

मी लालबागला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. जे डोळे जीव ओतून काढतो ते थोड्याच दिवसांत पाण्यात जातात, त्यामुळे चित्र जाणार याचं मला वाईट वाटत नव्हतं. ते जाताना कसं दिसेल, याचाच विचार डोक्यात होता.

डेक म्हणजे मेपलच्या सात पातळ थरांची, दाबून चिकटवलेली फळी. लांबी साधारण ३२ इंच, रुंदी ८ इंच, दोन्ही टोकं वर वळलेली. बांगड्यासाठी याहून चांगला आकार शोधून सापडणार नाही. वरच्या बाजूला ग्रिपटेप, म्हणजे पाय घसरू नये म्हणून चिकटवलेली खरखरीत पट्टी असते, तिथे रंगाचं काम नाही. चाकं आणि ती ज्यावर बसतात ते धातूचे सांगाडे, म्हणजे ट्रक, काढून ठेवले, कंपनीचं छापील चित्र ८० नंबरच्या पॉलिशपेपरने उतरवलं, मग १२० आणि २२०. तोंडाला रुमाल बांधून गॅलरीत बसावं, ती धूळ घशाला लागते.

खरा प्रश्न जागेचा होता. ट्रकची बैठक जिथे येते तिथलं चित्र झाकलं जातं, म्हणून आठही भोकांभोवती आधी पेन्सिलने चौकोन आखून घेतले. डोळा पुढच्या टोकाला, चौकोनाच्या बाहेर. दोन ट्रकच्या मधला पट्टा सगळ्यात जास्त घासतो, कारण कठड्यावरून किंवा लोखंडी पाइपवरून आडवं घसरताना बोर्डचा सगळा भार तिथेच असतो. म्हणजे पोट तिथे.

बाजारात मासळी घेताना आई कल्ला उचलून बघायची. आत लालभडक असेल तरच पिशवी पुढे. तो लाल मला हवा होता. प्रायमरवर मधल्या पट्ट्यात ॲक्रिलिक लालचे तीन जाड हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला, त्यावर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, एक हात. मग त्या लालवर चंदेरी, अगदी पातळ. पहिल्या ओरखड्यात चंदेरी जाईल आणि लाल दिसेल. लालही गेला की मेपलचं पिवळसर लाकूड.

बाकी मासा मन लावून केला. पाठ निळसर हिरवी, तिच्यावर लांबच लांब गडद रेघा, आणि त्या रेघांच्या मधे ताज्या बांगड्यावर दिसते ती सोनेरी झाक. कल्ल्यामागच्या पंखाखाली काळा ठिपका असतो, तो बरेच जण विसरतात. डोळा शेवटी, झिरो नंबरच्या ब्रशने. गणपतीच्या डोळ्यात बघणाऱ्याला नजर मिळावी लागते. माशाचा डोळा कोणाकडेच बघत नाही, त्यामुळे पांढरा ठिपका बाहुलीच्या मधोमध न देता वरच्या कडेला ठेवला आणि तो एकदम ओला दिसायला लागला.

वरून पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर: टोकांना जाड, पोटावर नावाला. हे काम पावसाळ्यात काढू नये. हवेत दमटपणा असला की क्लिअरवर पांढुरकी झाक धरते आणि खालचे सगळे रंग मेल्यासारखे दिसतात. आम्ही दिवाळीनंतरचं ऊन धरलं. वाळल्यासारखं वाटलं तरी ट्रक लगेच कसू नयेत, बैठकीखालचा रंग दबून चिकटतो.

परवा तिने फोटो पाठवला. मागच्या ट्रकपासून पोटाच्या मध्यापर्यंत तिरका लाल पट्टा उघडलाय, कडेला चंदेरीचे कपचे अजून धरून आहेत. मला तो नव्या बोर्डापेक्षा देखणा वाटला, आणि हे मी मामा म्हणून म्हणत नाही, रंगारी म्हणून म्हणतो. तिच्या मैत्रिणीला आता रावस हवाय. आतला रंग कुठला द्यायचा यावर आमचं फोनवर चाललंय. मैत्रीण केशरी म्हणते, मी फिकट गुलाबीवर अडून बसलोय.