सेकंड शिफ्टचं ताट आणि माझी झोप

माझा नवरा नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीत तिन्ही शिफ्ट करतो. दर सोमवारी शिफ्ट बदलते. मी कॅनडा कॉर्नरजवळ एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. मुलगी दुसरीत, मुलगा साडेतीन वर्षांचा, सासूबाई आमच्याजवळच असतात, आणि घर सिडकोतलं, म्हणजे किती छोटं ते नाशिककरांना सांगायला नको. हे आधी सांगितलं, कारण झोपेबद्दल मी जे काही वाचत होते ते सगळं एका घड्याळावर चालणाऱ्या घरांसाठी होतं. आमच्या घरात तीन घड्याळं चालतात.

फर्स्ट शिफ्ट असली की ह्यांची बस सहाला, म्हणजे साडेपाचला डबा भरलेला हवा. सेकंड असली की हे रात्री बाराच्या सुमाराला येणार, मग भाजी गरम करा, ताट वाढा, ओटा आवरा, झोपायला एक. थर्डच्या आठवड्यात हे सकाळी येऊन झोपतात आणि दोन मुलांना गप्प ठेवायचं काम वाढतं. आमच्या भागात नळाला पाणी पहाटे येतं, ते कुठलीच शिफ्ट बघत नाही.

डॉक्टरांकडे गेले ती झोपेसाठी नाहीच. केस गळत होते, जिना चढताना धाप लागायची, आणि एकदा मायको सर्कलच्या सिग्नलला ॲक्टिव्हावर बसल्या बसल्या डोळा लागला. मागच्या रिक्षावाल्याने जोरात हॉर्न मारला म्हणून निभावलं. त्या दिवशी संध्याकाळीच नंबर लावला.

मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाठ टेकल्यावर झोप लागायला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, बहुतेक लगेचच. "मग तुम्हाला निद्रानाश नाही. झोप येते, तुम्ही घेत नाही." मला रागच आला. घेत नाही काय, मिळत नाही! पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते मला आधीच कोणी सांगायला हवं होतं. ज्यांना झोप लागत नाही, त्यांच्या उपचारात अंथरुणावर पडून राहायचा वेळ मुद्दाम कमी करतात. मुळात पाचच तास मिळणाऱ्या बाईने तो उपाय केला तर तिचं आणखी वाटोळं होईल. मोठ्या माणसाला रोज सात तास तरी लागतात. तेव्हा आधी आपली तक्रार कुठली, ते ठरवायचं. मोबाईलवर निद्रानाशाचे उपाय वाचून मी उगाच स्वतःला त्यात बसवत होते.

मग त्यांनी घोरता का विचारलं, पाळी किती जाते विचारलं, थायरॉइडची तपासणी लिहून दिली. आणि सहज विचारावं तसं विचारलं, "रात्री पायांना काही होतं का?" हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं काय? दुखत नाही, मुंग्या येत नाहीत. पिंडऱ्यांच्या आत काहीतरी वळवळतं आणि पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. उठून चार पावलं टाकली की बरं वाटतं, परत पडलं की परत सुरू. ज्या रात्री लगेच झोप लागायची नाही, त्या रात्री कारण हेच असायचं. सासूबाई काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळून द्यायच्या. वळवळ त्याने थांबली नाही, पण ते मी कधी बंद करू दिलं नाही. दिवसभरात माझ्यासाठी कोणीतरी काही करतंय असं तेवढंच होतं.

मॅडमनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही करायला सांगितलं. हिमोग्लोबिन बारा म्हणजे बायकांसाठी काठावर पास, तेवढंच बघितलं असतं तर मला कोणी औषध दिलं नसतं. फेरिटिन मात्र फारच कमी निघालं. शरीरातला लोहाचा साठा त्यातून कळतो. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही साठा रिकामा असू शकतो, आणि पायांच्या या त्रासाचं ते एक नेहमीचं कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिन कमी, निघाला होता, तेव्हा मी काही जगावेगळी नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळीबरोबर चहा किंवा दूध नाही, जेवणानंतर लगेच चहा नाही, गोळी लिंबूपाण्याबरोबर चालेल. पोट बिघडलं, गोळी बदलून घ्यावी लागली. पाय शांत व्हायला काही महिने गेले, आठवड्यात फरक पडतो म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आणि तपासणी न करता मनाने लोहाच्या गोळ्या खाऊही नका, जास्तीचं लोह शरीर सहजासहजी बाहेर टाकत नाही.

गोळ्यांनी पाय थांबले, पण पाचाचे सात तास होणार कसे? मॅडमनी झोपेची वही ठेवायला सांगितली होती. किती वाजता पडले, किती वाजता उठले, मध्ये किती वेळा जाग आली. हिशेबाची सवय, म्हणून मी एक रकाना माझ्या मनाने वाढवला: कशासाठी जागी होते. तो भरत गेला तसं चित्र स्पष्ट झालं. मुलगा रात्री एखाद्या वेळी उठायचा, त्याचं फार नाही. खरा वेळ जात होता दोन ठिकाणी. एक, सेकंड शिफ्टचं ताट. दुसरं, सगळे झोपल्यावर मी हातात मोबाईल घेऊन बसायचे ते. मोबाईल वाईट म्हणून सगळे सांगतात, मला ते पटत नाही. ताटं वाढून झाल्यावरचा तो एक तास घरात माझा एकटीचा होता. तो सोडायचा तर दिवसात दुसरीकडे कुठेतरी मिळायला हवा होता.

तो मी ऑफिस सुटल्यावर काढला. गोल्फ क्लब मैदान वाटेवरच आहे. (कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला सांगताना गोल्फ क्लबच.) तिथल्या ट्रॅकवर अर्धा तास चालायचं, नाहीतर कट्ट्यावर बसून मोबाईल बघायचा. हो, दोन्ही चालतं. घरी सहाऐवजी साडेसहाला पोचायचं. या अर्ध्या तासावरून घरात जेवढी चर्चा झाली तेवढी गाडी घेताना झाली नव्हती. "रोज काय असतं गं तिथं?" सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "आई, औषध आहे असं समजा." मॅडमनी खरंच चालायला सांगितलं होतं, त्यामुळे खोटंही नव्हतं. पाचचा चहा मात्र सोडला. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे तो रात्री दहापर्यंत अर्धा अंगातच.

ताटाचं प्रकरण अवघड होतं, कारण त्यात सासूबाई होत्या. "बाहेरून दमून आलेल्या माणसाला वाढायला घरात कोणी जागं नको?" त्यांचंही चूक नाही, त्यांनी सासऱ्यांसाठी अशीच वर्षं काढलीत. मी वही पुढे ठेवली. वर सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचे आकडे वाचून दाखवले, घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि करणाऱ्या पुरुषांची ९७. हे जेवता जेवता म्हणाले, "मी तर सत्त्याण्णवपण करत नसेन." आणि मग हळूच, आईकडे न बघता, "मला खरं तर रात्री कोणी शेजारी बसलेलं नकोच असतं. शांतपणे मोबाईल बघत जेवायचं असतं." इतकी वर्षं मी कोणासाठी जागत होते!

आता सेकंड शिफ्टला पोळ्या डब्यात, भाजी छोट्या कढईत गॅसवर, आणि मी दहाला आडवी. बदल्यात पहाटेचं पाणी माझ्याकडे. थर्डच्या आठवड्यात उलट: हे सकाळी येतात ते पाणी भरून मुलीला शाळेत सोडतात आणि मगच झोपतात. हे जमतं कारण तिची शाळा नऊची झाली. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं, आमच्या शाळेने ते पाळलं. सगळ्या शाळांनी पाळलेलं नाही, आणि सातच्या शाळेच्या आया हे वाचून हसतील.

मुलांची वेळ नऊ. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, धाकट्याच्या वयाला दुपारची धरून दहा ते तेरा. झोपायची खोली फक्त झोपायलाच वापरा, असा सल्ला सगळीकडे असतो. आमच्याकडे त्याच खोलीत टीव्ही, कपाट, इस्त्री आणि सासूबाईंची मालिका. उपाय नणंदेच्या मुलाने काढला. त्याने आजीला ब्लूटूथचा हेडफोन आणून दिला. आता त्या हेडफोन लावून मालिका बघतात आणि मध्येच मोठ्याने "अगं बाई!" म्हणतात, मुलं दचकतात, पण पूर्वीपेक्षा बरं.

उठायची वेळ मात्र मी कुठल्याही शिफ्टला बदलत नाही. सव्वापाच, रविवारीसुद्धा. पहिले काही आठवडे रविवारी अक्षरशः रडू यायचं. त्याची भरपाई दुपारी वीस मिनिटांची वामकुक्षी, तीनच्या आत, जमिनीवर चटई टाकून, म्हणजे लांबत नाही.

वहीत आता बहुतेक रात्री साडेसहा-सात तास दिसतात. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात सगळ्यात चांगलं, थर्डमध्ये अजून गडबड होते, कारण दार उघडल्याचा आवाज झाला की मला जाग येतेच. फेरिटिन वाढलंय, गोळ्या अजून चालू आहेत.

महिन्याच्या वीस तारखेचं मात्र काही जमलेलं नाही. जीएसटीचं रिटर्न त्या दिवशी जायचं असतं आणि निम्मे क्लायंट एकोणीसच्या रात्री व्हॉट्सॲपवर बिलांचे फोटो टाकतात, तेही तिरके. पंधरापर्यंत द्या म्हणून सांगून बघितलं, साहेबांकडून फोन करवून बघितला. त्या रात्री मुलांना सासूबाई झोपवतात, मी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसते, आणि सेकंड शिफ्ट असली तर हे आपलं ताट स्वतः वाढून माझ्यासमोर येऊन बसतात. आता त्यांना गप्पा मारायच्या असतात.