सहा फ्रेमचा चोर सापडला

मंडळी, आमच्या फिल्ममधला वरातीचा सीन अखेर सिंकमध्ये बसला, म्हणजे चित्र आणि आवाज जुळले. तीन रविवार गेले, पण बसला.

बेंजो पार्टी वरातीची सुपारी घेते आणि त्याच गल्लीत दुसऱ्याच सुपारीचं काम ताशाच्या कडकडाटात उरकलं जातं, तो हा सीन. गोळी ताशाच्या एका घावाखाली दडते आणि बेंजोवाल्याचा एक सूर चुकतो. अख्खी फिल्म त्या एका सुरावर उभी आहे. तिथे बोट एकीकडे आणि आवाज दुसरीकडे दिसला तर हातात काहीच उरत नाही.

टेक चार मिनिटांचा. सुरुवातीची टाळी (चित्र आणि आवाज जुळवायची खूण) बरोबर जुळायची आणि शेवटाला चित्र सहा फ्रेम पुढे. पहिला संशय आला तो आवाज वेगळा टिपणाऱ्या रेकॉर्डरवर. पण दोन यंत्रांच्या घड्याळांतला फरक चार मिनिटांत सहसा फ्रेमभरही होत नाही. मग आवाजाच्या सॅम्पल रेटचा, म्हणजे ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झचा घोळ असेल म्हणून फाइल तपासली. ती ४८चीच निघाली. मोबाइलचे अँगल तर मी आधीच हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटचे (दर सेकंदाला फ्रेम तेवढ्याच) करून घेतले होते, आणि ते नीट जुळत होते. बिघडत होता तो फक्त भाड्याच्या कॅमेऱ्याचा अँगल.

शेवटी कागद-पेन घेऊन बसलो. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद, सहा फ्रेम म्हणजे पाव सेकंद. म्हणजे साधारण हजारात एक. हे लिहिलं आणि लख्ख उजेड पडला: सेकंदाला २४ फ्रेम आणि २३.९७६ फ्रेम! कॅमेऱ्याच्या मेन्यूत नुसतं २४ लिहिलंय, फाइल मात्र २३.९७६ची. त्यात सगळ्या क्लिप एकसारख्या असाव्यात म्हणून मी रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये तिला २४ करून ठेवलं होतं. चित्र तेवढंच जास्त पळत होतं. हा अपुरा आकडा अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीचं मानक ठरलं त्या हिशेबातून आलाय.

ॲट्रिब्यूट मूळ आकड्यावर नेलं, कट पुन्हा बसवले. शेवटच्या टाळीवर वेव्हफॉर्मचा (आवाजाच्या आलेखाचा) सुळका आणि तळहात टेकल्याची फ्रेम एकाखाली एक आली. मग क्लोजअप लावला: डाव्या तर्जनीखाली बेंजोचं बटण दबतं आणि त्याच क्षणी तार बोलते. तेवढाच तुकडा मी दहा-बारा वेळा पाहिला.

शेवटी टाळी घेतली नसती तर हे कधीच सापडलं नसतं. दोन्हीकडे टाळी घ्याच. आणि कॅमेरा भाड्याने घेतला त्या दुकानात 'चोवीसच आहे' असं सांगितलं गेलं होतं, म्हणून यापुढे तिथेच दहा सेकंदांची क्लिप काढून मीडियाइन्फोत (फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) बघणार, मगच डिपॉझिट देणार. शटर १/५० सेकंदावर ठेवलं होतं, त्यामुळे गल्लीतल्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या एकाही टेकमध्ये नाहीत. ते काम फत्ते.

गोळीचा आवाज अजून घातलेला नाही. काल सीन तसाच पाहिला आणि वाटलं, घालूच नये. ताशा चालू राहतो, बेंजो एका ठिकाणी अडखळतो, आणि अंगावर काटा येतो. म्हणजे या रविवारचं फटाक्यांचं रेकॉर्डिंग रद्द. त्याऐवजी बेंजोवाल्या काकांना बोलावून तो चुकलेला सूर पाच-सहा प्रकारे घ्यायचा विचार आहे. फोन केला तर काका म्हणाले, "चुकीचा सूर नको घेऊस. बटण अर्धंच दाबतो. माणूस घाबरला की बोट तसंच पडतं."